खर्जातला माणूस

आमच्या घरी रेकॉर्ड लावण्याआधी ती खिडकीपाशी नेऊन तिरकी धरायची पद्धत होती. वडील धूळ बघायचे, मी खाचा बघायचो. उन्हात तिरकी धरलेली एल.पी. निरखून पाहिली तर कळतं, की खाचा सगळीकडे सारख्या नसतात. एकटी बासरी चालू असते तिथं त्या केसासारख्या बारीक आणि गच्च बसलेल्या दिसतात. डग्गा घुमतो, खर्जाचा स्वर लांबतो, तिथं खाच नागमोडी होते आणि शेजारणीला जरा लांब सरकवते. तिथल्या काळ्या रंगाची चमकही निराळी. खर्ज कानाला लागण्याआधी मला असा डोळ्यांना दिसायचा. पाकिटाच्या मागे, अगदी खाली, बारीक अक्षरांत 'ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया' आणि 'कलकत्ता' एवढं छापलेलं असे. गाणारे भीमसेन जोशी, अभंग तुकोबांचा, खरेदी मुंबईतली, आणि वस्तू बंगालची, याचं त्या वयात फार नवल वाटे.

ते नवल मनात तसंच राहिलं होतं. गेल्या हिवाळ्यात कोलकात्याला गेलो तेव्हा हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात उतरलो होतो. एक सकाळ मोकळी मिळाली, तशी जतीन दास पार्कला मेट्रो पकडली आणि थेट डमडम गाठलं. तिथून नागेरबाजारकडे जाणाऱ्या रिक्षात तीन अनोळखी माणसांबरोबर गुडघे आवळून बसलो आणि जेसोर रोडला लागलो. हा रस्ता पुढं विमानतळावरून जात जात बांगलादेशच्या हद्दीपर्यंत पोचतो. डमडम म्हटलं की बहुतेकांना विमानतळ आठवतो, इतिहास वाचलेल्यांना इथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यातली ती बदनाम गोळी. रेकॉर्ड ऐकत वाढलेल्या माणसाला मात्र या गावाची एकच ओळख पुरते. एच.एम.व्ही.चा, म्हणजे त्याच ग्रामोफोन कंपनीचा, कारखाना इथं होता, तेहतीस, जेसोर रोड.

मी आलो होतो तो एका बास गिटारवाल्याच्या रेकॉर्डसाठी. चरणजित सिंग हे त्यांचं नाव. मुंबईच्या सिनेसंगीतात वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांना खालून आधार देत आलेला हा वादक १९८२ मध्ये स्वतः एक रेकॉर्ड घेऊन पुढं आला. दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर, सगळं वादन एकट्याचं. ती रेकॉर्ड कुणी घेतली नाही. पुढं अठ्ठावीस वर्षांनी युरोपातले लोक तिला काळाच्या पुढची म्हणू लागले. या दोन टोकांमध्ये जे आहे त्याबद्दल मला सांगायचं आहे, कारण दोन्ही टोकांना चरणजित सिंगांचं मूळ काम थोडं निसटतं असं मला वाटतं.

*

आधी डमडमबद्दल. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचा आवाज ध्वनिमुद्रित केला, तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि बोटीनं परत येत. १९०८ मध्ये कंपनीनं सियालदहला कारखाना काढला. तो अपुरा पडला, म्हणून १९२८ मध्ये डमडमला मोठा कारखाना उभा राहिला. जागा सोयीची होती. जुन्या ७८ च्या तबकड्या लाखेपासून बनत आणि लाख छोटानागपूरच्या जंगलांतून, कुसुम, पळस आणि बोरीच्या फांद्यांवरून येई. बंदर हाताशी होतं. काझी नझरुल इस्लाम कंपनीसाठी गाणी रचत आणि गायकांकडून ती बसवून घेत. मराठी नाट्यगीतं, तमिळ भजनं, उर्दू गझला, पंजाबी टप्पे हे सगळं शेवटी या एका गावातल्या दाबयंत्राखालून जात असे. साठच्या दशकात बीटल्सची गाणी इथून चक्क ७८ च्या तबकड्यांवर निघाली. बाकी जगानं तो आकार टाकून दिला होता, पण आपल्याकडे गावोगावी चावीचे ग्रामोफोन अजून चालू होते.

एक गोष्ट मला विशेष आवडते. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन एका चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित करायला मुंबईत आले. फोर्टमध्ये फिरोजशहा मेहता रोडवर, युनिव्हर्सल इन्शुरन्सच्या इमारतीत एच.एम.व्ही.चा स्टुडिओ होता. तिथं स्टीरिओ ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती. कंपनीचे प्रमुख भास्कर मेनन यांनी त्यासाठी कलकत्त्याहून यंत्र मागवून घेतलं. गाणारे-वाजवणारे मुंबईत आणि यंत्रं, साचे, छपाई कलकत्त्यात, अशी ही दोन शहरांची जुनी वाटणी होती. चरणजित सिंगांची रेकॉर्डही याच वाटेनं गेली.

*

आता बास. मराठी श्रोत्याला हे वाद्य समजावून सांगायला मी तानपुऱ्यापासून सुरुवात करतो. तानपुऱ्याच्या चार तारांमधली शेवटची, जाड, पितळेची तार म्हणजे खर्ज. मैफलीत तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. ती उतरली तर मात्र गवय्या पहिल्या आलापालाच मागे वळून बघतो. सिनेसंगीताच्या ताफ्यात हे काम आधी उभ्या, माणसाएवढ्या डबल बासकडे होतं. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये अमेरिकेत बास गिटार बाजारात आणली आणि साठच्या दशकात ती मुंबईच्या ताफ्यात रुळली. राहुल देव बर्मन यांच्याकडे गोव्याचे टोनी वाझ ती वाजवत. त्या काळातलं कुठलंही गाणं आज चांगल्या हेडफोनवर ऐका आणि मुद्दाम फक्त खालचा आवाज पकडा. गायिका एक चाल गाते आहे आणि तिच्या खाली दुसरी, अगदी स्वतंत्र चाल चालली आहे, हे लक्षात येईल. तिचा वादक कोण, हे पाकिटावर बहुधा छापलेलं नसतं.

हे वादक सकाळी एका संगीतकाराकडे आणि संध्याकाळी दुसऱ्याकडे वाजवत. अरेंजर नोटेशनचा कागद पुढं ठेवी, दोन-तीन तालमी, मग टेक. सगळा ताफा एकदम वाजवत असल्यानं एकाची चूक म्हणजे साठ-सत्तर जणांचा टेक वाया. अशा ठिकाणी टिकायचं तर हात साफ हवा, वाचन पक्कं हवं आणि स्वतःला मागे ठेवायची सवय हवी. चरणजित सिंग या शाळेतले. बास गिटार, इलेक्ट्रिक गिटार, पुढं कीबोर्ड, जे नवं वाद्य येईल ते त्यांच्या हाती लागे. 'दम मारो दम' या १९७१ च्या गाण्यात त्यांनी ट्रान्झिकॉर्ड वाजवला आहे. हा विजेवर चालणारा, अकॉर्डियनसारखा दिसणारा प्रकार. नवं यंत्र आलं की त्याच्याशी झटापट करून बघायची, ही त्यांची खोड तेव्हापासूनची.

पण वादक स्वतः रेकॉर्डचा कर्ता कसा होतो? पाश्चात्त्य देशांत 'प्रोड्यूसर' नावाचा माणूस असतो. कोणतं गाणं, कोणत्या वाद्यांनी, कोणत्या आवाजात, हे तो ठरवतो. आपल्याकडे सिनेमात ते काम संगीतकार आणि अरेंजर वाटून घेत. कंपनीच्या खासगी रेकॉर्डांत ते रेकॉर्डिंग अधिकाऱ्याकडे असे. मराठी माणसाला याचं थोर उदाहरण घरातच सापडतं. वकिलीचं शिक्षण घेतलेले जी. एन. जोशी हे मराठी भावगीताचे आद्य गायक. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' त्यांनीच गाऊन घराघरांत पोचवली. पुढं ते एच.एम.व्ही.त अधिकारी झाले आणि गाणं मागे ठेवून इतरांच्या रेकॉर्डा घडवत राहिले. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा या तीन तरुणांना एकत्र बसवून १९६७ मध्ये त्यांनी 'कॉल ऑफ द व्हॅली' काढली, ती आजही विकली जाते. गायक असल्यामुळेच त्यांना दुसऱ्याच्या गळ्यातलं आणि बोटांतलं नेमकं ऐकू येत असणार. जोशी कंपनीत शिरून कर्ते झाले.

चरणजित सिंगांची वाट वेगळी होती. त्या काळी सिनेगीतांच्या चाली नुसत्या वाद्यावर वाजवलेल्या रेकॉर्डांना मोठं गिऱ्हाईक होतं, बंगालात तर फारच. सुनील गांगुलींची गिटार, मुंबईहून कलकत्त्याला जाऊन तिथलेच झालेले व्ही. बलसारा यांची नाना वाद्यं, नझरुलपुत्र काझी अनिरुद्ध यांची हवाईयन गिटार, या रेकॉर्डा लग्नघरांत, पूजेच्या मांडवात आणि हॉटेलांत वाजत. चरणजित सिंगांनीही सत्तरच्या दशकात अशा रेकॉर्डा काढल्या. त्यात चाल दुसऱ्याची असली तरी बाकी सगळं आपण ठरवायचं असतं. कुठल्या वाद्यानं गायिकेची जागा घ्यायची, मधले तुकडे ठेवायचे की गाळायचे, ठेका किती पुढं आणायचा. ताफ्यात मागे बसणाऱ्याला असा निर्णयाचा हक्क इथंच मिळाला. कर्तेपणाची ही त्यांची उमेदवारी होती असं मी समजतो.

*

१९८० मध्ये 'कुर्बानी' आला. त्यातलं 'आप जैसा कोई' हे बिद्दू यांनी लंडनमध्ये केलेलं गाणं गल्लोगल्ली वाजलं. १९८१ मध्ये नाझिया हसनची 'डिस्को दीवाने', १९८२ मध्ये 'डिस्को डान्सर'. डिस्कोचा ठेका म्हणजे दर मात्रेला ढोलाचा एक सरळ ठोका, एकही मात्रा मोकळी सोडायची नाही. याच सुमारास चरणजित सिंगांनी सिंगापूरहून आणलेली जपानी यंत्रं त्यांच्या घरी होती. रोलंड कंपनीचा ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टी.आर.-८०८ हे तालयंत्र, आणि टी.बी.-३०३ ही चंदेरी, वहीएवढी पेटी.

या पेटीपाशी मला थोडं थांबायचं आहे. तिच्या नावातला 'बी' बासचा. तादाओ किकुमोतो यांनी ती बनवली, १९८१ च्या अखेरीस बाजारात आली. एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवाल्याला सोबतीला बास मिळावा एवढाच तिचा हेतू होता. म्हणजे चरणजित सिंग ज्या खुर्चीवर इतकी वर्षं बसले, त्या खुर्चीतल्या माणसाच्या जागी ठेवायचं यंत्र. वर काही गोल खुंट्या आणि खाली लहान पट्ट्या. एका आवर्तनात सोळा घरं. प्रत्येक घरात एक स्वर भरायचा, हवा तर त्याला आघात द्यायचा, हवा तर तो पुढच्या स्वरात सरकवायचा. आवाज मात्र बास गिटारसारखा मुळीच नाही. खुंटी फिरवली की तो चिरका होतो, गुळगुळीत होतो, पाण्यात बोलल्यासारखा होतो. गिटारवाल्यांना ते पसंत पडलं नाही. सुमारे दहा हजार पेट्या करून १९८४ मध्ये कंपनीनं ती बंद केली.

सोळा घरं! तीनतालाच्या सोळा मात्रा जन्मापासून कानांत असलेल्या माणसाच्या हाती हे यंत्र आलं. ही योगायोगाची गोष्ट खरी, पण तिचा उपयोग करायला तयारी लागते. चरणजित सिंगांनी रागाचे स्वर या घरांत भरले, तालयंत्राला जोडून आवर्तनं फिरत ठेवली आणि वर ज्युपिटरवर आलाप-तानांसारखं वाजवलं. तबला नाही, तानपुरा नाही. तानपुऱ्याचं काम ३०३ करते, पण स्थिर न राहता धावत धावत. मला ही रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकताना जे जाणवलं ते हेच, की इथं राग खालून बघितला आहे. गवई राग गळ्यातून बघतो, सतारिया मधल्या सप्तकात. हा वादक आयुष्यभर खर्जात उभा राहिला आणि तिथून वर बघत त्यानं भूप पाहिला, यमन पाहिला.

खर्जातून बघायला काही रागांत अडचण होते. बास वाजवणाऱ्याची जगभरची पहिली सवय म्हणजे षड्ज आणि पंचम. हात आपोआप तिकडेच जातो. चरणजित सिंगांनी निवडलेल्या दहा रागांत ललत आहे आणि मालकंस आहे. दोन्हींत पंचम वर्ज्य. तिथं तानपुराही मध्यमावर लावावा लागतो. ज्याला फक्त नव्या यंत्राची गंमत दाखवायची आहे तो अशा रागांच्या वाटेला जाणार नाही. तो सोपा भूप घेईल आणि मोकळा होईल. इथं तोडी आहे, मधुवंती आहे, मेघमल्हार, कलावती, बैरागी आहे. रेकॉर्डची सुरुवात भैरवीनं होते, याचंही मला आधी आश्चर्य वाटलं होतं. आपण भैरवी झाली की चपला शोधायला लागतो. पण भैरवी मुळात सकाळची, आणि दुसऱ्या बाजूला शेवटचा बैरागीही सकाळचा. मधे संध्याकाळचा यमन, रात्रीचा मालकंस. क्रम अगदी काटेकोर नाही, भूप सकाळच्या रागांत येऊन बसला आहे, तरी दिवस फिरून येतो असं वाटत राहतं.

उणिवाही आहेत, त्या मला मान्य करायला हव्यात. ३०३ स्वर सरकवते ते ठरलेल्या वेळात. अंतर जवळचं असो की लांबचं, वेळ तेवढाच. मिंडेत आपण नेमकं तेच ऐकतो, की कलाकार वाटेत किती रेंगाळतो. तोडीचा अतिकोमल गंधार या पेटीत सापडणार नाही, तिचे बारा स्वर पक्के ठोकलेले. आणि तीनतालात जी खाली असते, जिथं डग्गा गप्प होतो आणि श्रोत्याला श्वास मिळतो, ती डिस्कोत नसतेच. पाच मिनिटांत राग संपतो. पक्क्या गाण्याच्या मोजपट्टीनं ही रेकॉर्ड मोजली तर ती तोकडी पडेल. मी तिला वादकाची वही मानतो. रोज दुसऱ्याचं नोटेशन वाजवणाऱ्यानं एकदा स्वतःसाठी लिहिलेलं पान.

*

ध्वनिमुद्रण मुंबईला एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत झालं. छपाई कंपनीची, म्हणजे डमडमची. टेपवरून आधी नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या लेपाच्या मऊ तबकडीवर हिऱ्याच्या किंवा नीलमाच्या टोकानं खाच कोरतात. तिच्यावर चांदीचा पातळ थर, मग निकेलचा मुलामा. तो सोलून काढला की उलटा ठसा मिळतो, त्यावरून पुन्हा सुलटा, त्यावरून पुन्हा उलटा. हा शेवटचा उलटा ठसा यंत्रात बसतो. गरम प्लास्टिकचा गोळा, वर-खाली कागदी लेबल, वाफेच्या उष्णतेनं दाब, मग थंड पाणी, कडेची झालर कापायची, की तबकडी तयार.

या सगळ्यात बासचा वैरी आहे ती खाच. खालचा स्वर कोरायला टोक फार लांब हलतं. तो आहे तसा कोरला तर खाच शेजारच्या खाचेत घुसेल किंवा सुई उडेल. म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम घटवतात आणि वाजवताना अँप्लिफायर तो पुन्हा भरून काढतो. सगळ्याच रेकॉर्डांचं असं असतं. त्यातून एका बाजूला जितकी जास्त मिनिटं, तितकी खाच दाटीत आणि खर्ज आणखी दबका. अमेरिकेत डिस्कोवाले म्हणूनच बारा इंचांच्या अख्ख्या बाजूवर एकच गाणं घेत, तेही पुष्कळदा ४५ च्या वेगानं. इथं दहा राग एका एल.पी.वर, एकेका बाजूला पाच-पाच, चोवीस-पंचवीस मिनिटांच्या घरात. बासवाल्यानं बासच्या यंत्रावर केलेल्या रेकॉर्डमध्ये बासलाच अंग चोरून बसावं लागलं. यात डमडमच्या कामगारांचा दोष नव्हता. आपल्याकडे रेकॉर्ड महाग होती आणि गिऱ्हाईक जास्त गाण्यांची मागणी करी.

रेकॉर्ड चालली नाही. पक्कं गाणं ऐकणाऱ्याला तो खेळ वाटला असणार, आणि नाचणाऱ्याला त्यात गाणं सापडलं नसणार. शिवाय कॅसेट आली होती. पुढच्या काही वर्षांत तिनं रेकॉर्डचा धंदाच बसवला आणि कंपनीची मालकीही बदलली. चरणजित सिंग वाजवत राहिले.

तिकडे अमेरिकेत फेकल्या भावानं विकल्या जाणाऱ्या ३०३ पेट्या शिकागोच्या तरुणांच्या हाती लागल्या. 'फ्यूचर' नावाच्या तिघांनी १९८७ मध्ये 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढली आणि त्यातून 'अ‍ॅसिड हाऊस' नावाची नृत्यसंगीताची लाटच आली. एडो बाउमन या डच संग्राहकाला २००२ मध्ये दिल्लीतल्या दुकानात चरणजित सिंगांची एल.पी. मिळाली. ऐकून तो चक्रावला. त्यानं मुंबईत त्यांचा पत्ता काढला, भेटला, आणि २०१० मध्ये आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या लेबलतर्फे रेकॉर्ड पुन्हा काढली. तेव्हा काही लोकांचा विश्वासच बसेना. कुण्या युरोपियन संगीतकारानं जुनं पाकीट छापून खोडी केली असावी असं बोललं गेलं. ती खोडी नव्हती याचा पुरावा म्हणजे ती काळी तबकडी. तेव्हाची कुठली जाहिरात नाही, कुठलं परीक्षण लोकांच्या लक्षात नाही. डमडमच्या यंत्रानं गाजलेल्या आणि न गाजलेल्या गाण्यांत फरक केला नव्हता, सगळ्यांना सारखाच दाब दिला होता, म्हणून ही वस्तू वीस वर्षं धूळ खात टिकली.

त्यानंतर 'अ‍ॅसिड हाऊसचा जनक' हे बिरुद त्यांना चिकटलं. सत्तरी ओलांडल्यावर ते युरोपात जाऊन तीच यंत्रं पुढं मांडून वाजवून आले, समोर नातवंडांच्या वयाची मुलं नाचत होती. याचा मला मनापासून आनंद आहे. पण शिकागोच्या मुलांनी ही रेकॉर्ड ऐकली नव्हती, आणि चरणजित सिंगांना शिकागोचं काही करायचं नव्हतं. 'जनक' म्हटलं की त्यांचं काम दुसऱ्या कुणाच्या गोष्टीची प्रस्तावना होऊन बसतं. पुन्हा साथीदार! त्यांची गोष्ट मुंबईच्या ताफ्यात सुरू होते आणि मालकंसाच्या मध्यमापाशी येऊन पोचते, ती तेवढीच पुरेशी मोठी आहे. जुलै २०१५ मध्ये ते मुंबईत वारले.

*

जेसोर रोडवर त्या सकाळी बसगाड्यांचे भोंगे, रिक्षा, मासळीच्या पाट्या, शाळेची मुलं. मी थोडा वेळ रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. आत जायची माझी काही खटपट नव्हती. कारखान्याची ती वाफ, तो प्लास्टिकचा वास, ठशांचे डबे मला दिसणार नव्हते, हे ठाऊकच होतं. नागेरबाजारला मातीच्या भांड्यात चहा घेतला आणि परत स्टेशनवर आलो.

२०१० ची आवृत्ती माझ्याकडे आहे. ती एका तबकडीवर नाही, दोन तबकड्यांवर आहे. दहा राग चार बाजूंवर वाटले आहेत. घरी मी ती खिडकीपाशी तिरकी धरून बघितली होती. खाचा मोकळ्या, ऐसपैस होत्या, आणि त्यांच्यावर उन्हाच्या रुंद लाटा स्पष्ट दिसत होत्या.

डमडमच्या फलाटावर गर्दी कमी होती. कानांत भैरवी लावली. तालयंत्राचा ठोका, मग ती पेटी घरंगळत खाली आली आणि षड्जाभोवती फिरू लागली. पाच मिनिटांनी ती थांबली. गाडी अजून आली नव्हती. ललत सुरू झाला.